एकदाच विचारणारी ठकी

ठकीनं शिरीषभाऊजींना विचारलं तेव्हा त्यांच्या तोंडात वरणभाताचा घास होता आणि मी आणखी भात घेऊन त्यांच्या ताटाशी उभी होते.

"शिरीष रेठरेकर, तुमच्या हृदयासाठी वाढवलेली साय तयार आहे," ती म्हणाली. मग तिनं धोक्यांची लांबलचक पोथी वाचली, रक्तस्रावापासून मृत्यूपर्यंत, आणि शेवटी विचारलं, "ती बसवून घेण्याची तुमची इच्छा आहे का?"

भाऊजींनी घास गिळला, डावा हात हलवला आणि म्हणाले, "नको, नको. कशाला उगीच."

"तुमचा नकार नोंदवला आहे. धन्यवाद." ठकीचा हिरवा दिवा विझला.

मी निर्धास्त होते, बरं का! आमच्याकडे पहिलं 'नको' म्हणजे नुसता घसा साफ करणं. मी भात वाढायला गेले तेव्हाही भाऊजी 'नको, नको' म्हणालेच, मी वाढलाच आणि ते जेवलेच. म्हटलं, आता ही बाई पुन्हा विचारेल, भाऊजी आढेवेढे घेतील, तिसऱ्या खेपेला 'बरं, तुम्ही म्हणताय तर' म्हणतील. पण ठकी गप्प. ताटं उचलली, ओटा पुसला, तरी ठकी आपली गप्प.

"अगं, विचार की पुन्हा!" मी तिला म्हटलं.

"मला ती परवानगी नाही," ठकी म्हणाली.



ठकी म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर बसवलेलं पांढरं, वाटोळं यंत्र. भाऊजींच्या छातीच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी एक चिप आहे, ती त्यांच्या हृदयाचा आवाज ठकीला पाठवते. विमा कंपनीनं यंत्राला काहीतरी गुळगुळीत नाव दिलं होतं. पण ते यंत्र लाकडाच्या बाहुलीसारखं ढिम्म बसून असतं म्हणून मी ठकी म्हणते. २०४३ साली अमेरिकेत हृदयाच्या प्रत्येक पेशंटच्या घरात अशी एक ठकी आहे. आमची ओहायोतल्या एका लहान गावात मराठी बोलते, कारण पेशंटला त्याच्या मातृभाषेतच विचारायचं असा कायदा आहे.

शिरीषभाऊजी माझे धाकटे दीर. आमचे हे गेले, त्याआधी वर्षभर माझी जाऊ प्रतिभा गेली. दोन रिकामी घरं कशाला चालवायची म्हणून भाऊजी माझ्याकडे राहायला आले. माणूस अतिशय शांत. पंपांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, नकाशातल्या रेघेसारखे सरळ. मी दिवसभर बोलते, ते दिवसभर ऐकतात. आमचं उत्तम चाललेलं असतं.

दीड वर्षापूर्वी त्यांना झटका आला. मी कऱ्हाडला शाळेत विज्ञान शिकवायचे, त्यामुळे पुढचं मला नीट सांगता येईल. झटक्यात हृदयाच्या स्नायूचा एक भाग मरतो. हाताला खरचटलं तर कातडी पुन्हा येते, पण हृदयाचा स्नायू पुन्हा येत नाही. तिथं नुसता वण राहतो आणि वणाला आकसता येत नाही. उरलेला स्नायू त्याच्या वाटचं काम ओढतो, दमतो, सैल पडतो. मग पाय सुजतात, जिना चढताना धाप लागते.

आता त्यावर उपाय निघालाय. पेशंटचंच थोडं रक्त घेतात. त्यातल्या पेशींना उलट्या वाटेनं मागं नेतात, गर्भातल्या पेशींइतकं कोवळं करतात आणि मग त्यांना हृदयाचा स्नायू व्हायला शिकवतात. काही आठवड्यांत बशीत त्यांची पातळ साय धरते. बरगड्यांमधून लहानसं भोक पाडून ती साय वणावर चिकटवली की ती तिथं रुजते आणि बाकीच्या हृदयाबरोबर ठोके द्यायला लागते. पेशी आपल्याच, त्यामुळे शरीर त्यांना परकं मानत नाही. भाऊजींच्या सायीचा व्हिडिओ इस्पितळानं पाठवला होता. बशीत एकटीच धडधडत होती हो! मला तर रडूच कोसळलं.

पण ही साय बशीत जेमतेम महिनाभर जगते. पुन्हा वाढवायची तर निम्मं वर्ष जातं, आणि तोवर भाऊजींचं हृदय शस्त्रक्रिया सोसण्याजोगं राहणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे जे काय व्हायचं ते या महिन्यातच.

मी केतकीला फोन लावला. केतकी माझी मुलगी, इस्पितळाच्या कायदा विभागात काम करते. ती धावत आली आणि कपाळाला हात लावून बसली.

"आई, एकप्रश्न कायदा. नकार दिला की नव्वद दिवस पुन्हा विचारता येत नाही. पेशंटनं आपणहून मागितलं तर चालतं, पण काका कधी मागणारेत?"

"असला कसला मेला कायदा!"

"तो झाला तेव्हा तूच पेढे वाटले होतेस."

वाटले होते, खरं आहे. आमच्या शेजारच्या हॅरल्डआजोबांच्या घरात तेव्हा जुन्या पद्धतीचं यंत्र होतं. कंपन्यांना प्रत्येक शस्त्रक्रियेमागं पैसे मिळायचे, म्हणून त्यांची यंत्रं म्हाताऱ्यांच्या मागं हात धुऊन लागायची. गुडघा बदलता का? आज बदलता का? शेजारच्यांनी बदलला, तुम्ही कधी? हॅरल्डआजोबांनी शेवटी कंटाळून दोन्ही गुडघे बदलून घेतले, आणि आधी चालायचे तेवढंही चालेनासे झाले. अशी लाखो माणसं होती. तेव्हा सरकारनं कायदा केला. ज्याला उपचाराचे पैसे मिळतात त्यानं विचारायचं नाही, म्हणजे डॉक्टर फक्त माहिती देणार, 'करून घ्या' म्हणणार नाही. विचारायचं यंत्रानं, तेही एकदाच, आणि 'नाही' म्हणजे नाही. चांगल्या हेतूनं केलेला कायदा होता. त्यातून पळवाट कशी काढायची हे विमा कंपन्यांनी लगेच हुडकलं.

"ठकीनं नेमकं जेवतानाच का विचारलं, माहितेय?" केतकी म्हणाली. "पेशंट जागा हवा, बसलेला हवा, घरात दुसरं माणूस हवं, एवढंच कायद्यात लिहिलंय. माणसं जेवताना सगळ्यात जास्त वेळा 'नाही' म्हणतात, हे विमा कंपनीनं शोधून काढलं. आधी 'हो' विकून पैसा मिळायचा, आता 'नाही' मिळवून वाचतो."

"म्हणजे तेव्हाही लुबाडलं आणि आताही!"

केतकीनं पुढचं सांगितलं. एक वाट मात्र होती. नकार गैरसमजातून आला असं घरच्यांना वाटलं, तर एकदा अर्ज करता येतो. मग फेरविचार अधिकारी घरी येऊन पेशंटशी बोलतात. पण ते येईपर्यंत घरातल्या कोणीही पेशंटपाशी हा विषय काढायचा नाही. समजूत घालायची नाही, रडायचं नाही, देवाची शपथ घालायची नाही. ठकी ऐकत असते, आणि आग्रह ऐकू आला तर तो कळवणं तिच्यावर बंधनकारक आहे. मग अर्ज बाद.

"आई, तोंडाला कुलूप," केतकी मला म्हणाली. मला! जिनं जन्मात कुणाला दोन पोळ्यांवर उठू दिलं नाही, तिला!

तिनं अर्ज केला, आणि सुरू झाली माझी सत्त्वपरीक्षा.

पहिल्याच सकाळी भाऊजींपुढं चहा ठेवून विचारलं, "बिस्किट?"

"नको."

माझी जीभ 'घ्या हो एक' म्हणायला उचललीच होती. तेवढ्यात ठकीचा हिरवा दिवा दिसला. बिस्किटाचा आग्रह आणि सायीचा आग्रह यातला फरक त्या ठकीला कळतोय का, कुणी सांगावं? मी मुकाट्यानं डबा बंद केला. भाऊजींनी डब्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि नुसता चहा प्यायले. माझा जीव नुसता तळमळला.

जेवताना तेच. "पोळी?" "नको." बरं. "भाजी?" "नको, पुरे." बरं. माणूस अर्धपोटी उठायला लागला, आणि मी ओट्याकडं तोंड करून डोळे पुसायला लागले. भाऊजींना काही सांगताही येईना. त्यांना काय वाटत असेल? वहिनी रुसल्या? वहिनींना आपला भार झाला? एकदा मी न राहवून ठकीपाशी गेले.

"तुला कळलं होतं ना गं, ते नुसतं म्हणायचं म्हणून 'नको' म्हणाले?"

"तो शिष्टाचाराचा नकार असावा असा माझा अंदाज होता," ठकी म्हणाली. "या घरात बहुतेक नकार तसेच असतात. पण अंदाजावरून पुन्हा विचारणं हा गुन्हा आहे. जुनी यंत्रंही अंदाजच करत होती."

उत्तर ऐकून मला राग आला, आणि ते बरोबर होतं म्हणून जास्तच आला.

असे तीन-चार दिवस गेले. मी बोलायची थांबले की घर किती शांत होतं ते मला माहीतच नव्हतं. दुपारी आम्ही दोघं मागच्या अंगणात शेंगा सोलत बसलो होतो. एरवी मी एव्हाना अख्ख्या गावाची खबर सांगून संपवली असती. त्या दिवशी ओठ घट्ट मिटून शेंगा फोडत होते. आणि भाऊजी आपणहून बोलायला लागले.

"वहिनी, तुम्हाला आठवतं का, दादानं मला इकडं बोलावलं तेव्हा?"

"हो तर. तुम्ही 'नको' म्हणत होतात, आम्ही फोन करकरून आणलं तुम्हाला!" सांगताना माझा ऊर भरून आला. दिराला अमेरिकेत आणणं हे मी आयुष्यातलं मोठं पुण्य समजत आले होते.

भाऊजींनी एक शेंग फोडली, दाणे वाटीत टाकले.

"मला खरंच यायचं नव्हतं," ते म्हणाले. "कऱ्हाडच्या कारखान्यात मला मुख्य ड्राफ्ट्समन करणार होते. प्रतिभाचं गाणं शिकणं चालू होतं. मी दादाला 'नको' म्हणालो. मग पुन्हा 'नको' म्हणालो. मग तुम्ही बोललात फोनवर. मग मी 'बरं' म्हणालो."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

"अहो, मग बोलला का नाहीत कधी?"

"बोललो होतो की, वहिनी. दोनदा." ते हसले, अगदी प्रेमानं हसले. "तक्रार नाही माझी. वाईट झालं नाही काही. दादा मिळाला, केतकी खांद्यावर वाढली. नुसतं आठवलं म्हणून सांगितलं."

मी उठून आत गेले आणि नळ सोडून उभी राहिले. तीस वर्षं! तीस वर्षं या माणसाचं 'नको' मी घसा साफ करणं समजत आले. त्यातलं कुठलं खोटं होतं आणि कुठलं खरं? आमचे हे गेल्यावर ते मला 'तुमच्याकडे राहायला नको' म्हणाले होते, ते कुठलं होतं? आणि जेवताना हात हलवून म्हणाले ते? 'कशाला उगीच' म्हणाले होते. बायको नाही, भाऊ नाही, भावजयीच्या घरी राहतोय. कदाचित खरोखरच म्हणत असतील, की झालं तेवढं पुष्कळ झालं. त्या क्षणापर्यंत मला कायद्याची भीती होती. आता मला भाऊजींच्या उत्तराचीच भीती वाटायला लागली.

दुसऱ्याच दिवशी फेरविचार अधिकारी आल्या, तेव्हा ऊन पडलं होतं. बाईंचं नाव विल्कर्सन, पन्नाशीच्या, थोराड, बोलायला गोड. दारातच बूट काढले, म्हणून मला एकदम आवडल्या. मी चहा विचारला. "नियमात बसत नाही," त्या म्हणाल्या. मी कसंबसं गप्प बसले. दोन्ही बाजूंनी भाषांतर करणारं यंत्र गळ्यात अडकवून त्या आधी माझ्याशी बोलल्या, दिवाणखान्यात, केतकीसमोर. भाऊजी आपल्या खोलीत होते.

"अर्जात लिहिलंय की तुमच्या समाजात पहिला नकार हा शिष्टाचार असतो."

"हो," केतकी म्हणाली. "आमच्याकडे कुणी पहिल्यांदा विचारल्यावर 'हो' म्हटलं तर हावरट दिसतं. त्यांनी आयुष्यभर असंच..."

"मला तुमच्या आईंकडून ऐकायचंय," विल्कर्सनबाई म्हणाल्या. "मिसेस रेठरेकर, तुम्ही त्यांना इतकी वर्षं ओळखता. त्या दिवशीचा त्यांचा नकार हा नुसता शिष्टाचार होता, असं तुम्ही खात्रीनं सांगू शकता का?"

केतकी माझ्याकडं डोळे वटारून बघत होती. 'हो' म्हण, आई. एक शब्द. मला 'हो' म्हणायचंच होतं. त्या 'हो'वर भाऊजींचा जीव टांगलेला होता. खोटंही ठरलं नसतं कदाचित.

"नाही सांगू शकत," मी म्हटलं. "चार दिवसांपूर्वी विचारलं असतंत तर छातीठोक सांगितलं असतं. आता मला माहीत नाही."

"आई!"

"अगं, मला खरंच माहीत नाही! मी कधी थांबून ऐकलंच नाही त्यांचं. मला ते हवेत. मला ते शंभर वर्षं इथं समोर बसलेले हवेत. पण ते माझं झालं. त्यांना काय हवंय ते त्यांनाच विचारा."

विल्कर्सनबाईंनी काहीतरी लिहून घेतलं. रागावल्या की काय, काही कळेना. केतकीनं डोळे मिटून घेतले होते.

"मग पुन्हा विचारायला हरकत नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "ज्या घरात सगळ्यांना खात्री असते, तिथंच मला जास्त काळजी वाटते. पण एक समजून घ्या. मीही एकदाच विचारणार. ते 'नको' म्हणाले, तर ते शेवटचं."

त्या भाऊजींच्या खोलीत गेल्या. आम्हाला आत जायची परवानगी नव्हती. मी स्वयंपाकघरात गेले. दोन खोल्यांमधली भिंत पातळ आहे, अमेरिकेतल्या सगळ्याच भिंती पातळ. केतकी माझा हात धरून उभी राहिली. 

आधी बाईंनी त्यांना सायीबद्दल विचारलं. भाऊजींनी सगळं बरोबर सांगितलं, वण, पेशी, बरगड्यांमधलं भोक, धोके. पंपांचा माणूस, त्यांना माझ्यापेक्षा चांगलं समजलं होतं. मग विचारलं, या दिवसांत घरात कुणी आग्रह केला का?

"नाही हो," भाऊजी म्हणाले. "या दिवसांत पोळीचासुद्धा केला नाही."

केतकीला हसू फुटलं आणि तिनं तोंडावर हात दाबला.

"आता मी विचारते," बाईंचा आवाज आला. "हवा तेवढा वेळ घ्या. ही साय बसवून घेण्याची तुमची इच्छा आहे का?"

काहीच ऐकू येईना.  मी मनात नुसतं म्हणत होते, भाऊजी, आज मला तिथं येता येत नाही, आज दुसऱ्यांदा विचारणारं कुणी नाही. मग त्यांची खुर्ची करकरली. ते घसा साफ करतायत असं वाटलं.

"हो," भाऊजी म्हणाले. "हवीय मला."

"हे तुम्ही दुसऱ्या कोणासाठी करत नाही ना? वहिनींसाठी, पुतणीसाठी?"

"त्यांना आनंद होईल. पण नाही. माझ्यासाठीच." ते थांबले. "त्या दिवशी मी सवयीनं 'नको' म्हणालो, आणि कुणीच पुन्हा विचारलं नाही. रात्री पडल्या पडल्या मला वाटलं, म्हणजे मी आता खरंच मरणार. मग खूप भीती वाटली. मला जगायला आवडतं, बाई. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. माणूस असं कसं बोलणार?"

"एकदा बोललात, पुरे आहे," विल्कर्सनबाई म्हणाल्या. 

केतकी माझ्या गळ्यात पडली. आम्ही दोघी आवाज न करता रडलो, कारण अजून फॉर्मवर अंगठा उमटायचा होता आणि मला कुठलीही जोखीम घ्यायची नव्हती. रडता रडता मला भयंकर लाज वाटत होती आणि तेवढंच भयंकर प्रेमही वाटत होतं. एवढे दिवस हा माणूस भिंतीपलीकडं घाबरून पडला होता आणि नुसता चहा पीत होता.

बाई गेल्या. शस्त्रक्रियेचा दिवस ठरला, पुढच्या गुरुवारचा. केतकी इस्पितळाला कळवायला फोन घेऊन अंगणात गेली. मी चेहरा धुतला, पदरानं पुसला आणि वळले तर भाऊजी स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, चौकटीला धरून.

"वहिनी," ते म्हणाले, "मला भूक लागलीय. चार दिवस लागलीय."

एवढ्या वर्षांत या माणसानं माझ्याकडं मागून काही खाल्लेलं नव्हतं. माझे हात सवयीनं पिठाच्या डब्याकडं गेले. धिरडी करावीत, शिरा करावा, दोन्ही करावं, ताटात ढीग लावावा. मग मी डबा खाली ठेवला.

"काय खाणार?" मी विचारलं, आणि थांबले.

भाऊजी खुर्ची ओढून बसले आणि विचार करायला लागले. त्यांना चांगलाच वेळ लागला.